बारीक माणसाला मधुमेह का होतो?

अकरावीच्या वर्गात ‘कार्य, ऊर्जा आणि शक्ती’ हे प्रकरण संपवून मी खडू ठेवला, तेवढ्यात एक विद्यार्थिनी टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात रक्ततपासणीचा घडी केलेला कागद होता. “सर, बाबांचं वजन छप्पन्न किलो आहे. आमच्या घरात सगळ्यात बारीक तेच. गोडाचीही त्यांना फारशी आवड नाही. मग डॉक्टर म्हणतात साखर काठावर आली आहे, ती कशी काय?”

प्रश्न वैद्यकाचा होता आणि मी पडलो पदार्थविज्ञानाचा मास्तर. ‘डॉक्टरांनाच विचार’ असे सांगून मला मोकळे होता आले असते. पण तिच्या वडिलांची थोडी चौकशी केली आणि लक्षात आले, की आम्ही नुकतेच जे प्रकरण संपवले त्याचेच हे एक उदाहरण आहे. फक्त पाठ्यपुस्तकात ते नाही.

नागपूरहून वर्धा मार्गाने निघालात की विमानतळ ओलांडल्यावर मिहान लागते. मालवाहतूक केंद्र आणि विमानतळ यांचा हा मोठा प्रकल्प. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही अशा गावांच्या शिवारात आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, औषधांचे कारखाने आहेत, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी लोकार्पण झालेले ‘एम्स’चे, म्हणजे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, भव्य रुग्णालयही आहे. या मुलीच्या वडिलांची शेती प्रकल्पात गेली. आता ते तिथल्याच एका इमारतीच्या फाटकावर पहारेकरी आहेत. पूर्वी वखरणी, निंदणी, फवारणी. आता आठ तास खुर्ची. वजन मात्र तेव्हाही ५६ किलो होते आणि आजही तेवढेच आहे.

वजन तेच आणि साखर मात्र वाढली, हे कोडे आहे खरे. ते सोडवायचे तर आधी शरीराचा ऊर्जेचा जमाखर्च मांडला पाहिजे.

समजा, एक प्रौढ माणूस दिवसाला २००० किलोकॅलरीचा आहार घेतो आणि त्याचे वजन स्थिर आहे. एक किलोकॅलरी म्हणजे ४१८४ ज्यूल. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार करा. उत्तर येते सुमारे ९७ वॅट. म्हणजे तुम्ही, मी, तुमचे मुख्याध्यापक, सारे जण शंभर वॅटच्या दिव्यासारखे रात्रंदिवस ‘जळत’ असतो! साठ विद्यार्थ्यांचा वर्ग म्हणजे सहा किलोवॅटची शेगडी. (नागपूरच्या मे महिन्यात बाहेरचे तापमान शरीराच्या वर गेले, की ही उष्णता बाहेर टाकायला घामावाचून मार्गच उरत नाही. शंभर वॅटसाठी ताशी दीडशे ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन व्हावे लागते. अप्रकट उष्णतेचा हा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा. बाहेरून आत येणारी उष्णता आणखी वेगळीच.)

या शंभर वॅटांपैकी सत्तर एक वॅट तर आपण स्वस्थ पडून असतानाही खर्च होतात. हृदय, मूत्रपिंडे, यकृत, मेंदू यांची कामे झोपेतही थांबत नाहीत. खाल्लेल्या अन्नाचे विघटन, त्यातून ऊर्जा मिळवणे, नवे पदार्थ घडवणे, शिल्लक साठवणे, या सगळ्या रासायनिक उलाढालीला मिळून ‘चयापचय’ म्हणतात. वजन कमी असूनही मेंदू आणि यकृत प्रत्येकी साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा खातात. निवांत पडलेला स्नायू मात्र किलोमागे दिवसाला अवघ्या तेरा किलोकॅलरी घेतो, आणि चरबी त्याहून कमी, साडेचारच्या आसपास. हा आकडा ध्यानात ठेवा; पुढे तो लागणार आहे.

प्राण्याचे शरीर आणि जळती मेणबत्ती यांत मूलतः एकच क्रिया चालते, हे फ्रान्सच्या लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२–८३ च्या हिवाळ्यात दाखवले. त्यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते मोजले. पुढची गोष्ट अधिक गमतीची आहे. १८४० साली रॉबर्ट मायर हा तरुण जर्मन डॉक्टर एका डच जहाजावरून जावा बेटाला गेला. त्या काळी आजारी खलाशांचे रक्त काढण्याची रीत होती. सुराबाया बंदरात त्याने शीर उघडली, तर रक्त इतके लालभडक, की चुकून रोहिणीच कापली गेली असे त्याला वाटले. त्याने विचार केला : उष्ण प्रदेशात शरीराला ऊब टिकवायला कमी ‘जाळावे’ लागते, म्हणून प्राणवायू कमी खर्च होतो आणि नीलेतले रक्तही लाल राहते. त्या तर्कात काही कच्चे दुवे होते. पण त्यातूनच पुढे १८४२ मध्ये उष्णता आणि कार्य ही एकाच ऊर्जेची रूपे आहेत, हा विचार त्याने मांडला. तुम्ही पाठ करता तो ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम पदार्थविज्ञानाच्या दालनात आला, तो एका डॉक्टरच्या हाताने. तेव्हा माझ्यासारख्याने डॉक्टरांच्या प्रांतात थोडी ये-जा केली तर बिघडत नाही.

हा नियम शरीरालाही लागू आहे. आलेली ऊर्जा वजा गेलेली ऊर्जा म्हणजे साठलेली ऊर्जा. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. आता आपल्या पहारेकऱ्याचा हिशेब मांडू. बसून राहिल्यास किलोमागे ताशी दीड किलोकॅलरी खर्च होते. शेतीच्या मध्यम कामाला चार तरी धरू. सहा तासांचा फरक झाला ५६ × ६ × २.५ = ८४० किलोकॅलरी. त्यांनी आहार पूर्वीचाच ठेवला असता तर दर नऊ-दहा दिवसांनी एक किलो चरबी चढायला हवी होती! तशी ती चढली नाही. कारण उघड आहे : भूक कमी झाली, तिसरी भाकर सुटली. वजनकाटा स्थिर राहिला. ऊर्जेच्या नियमाचे काही बिघडले नाही.

“मग बाबांच्या बाबतीत काहीच बदललं नाही का?” मुलीने विचारले.

मी तिला उलट विचारले, “त्यांच्या पट्ट्याचं भोक बदललं का?”

दुसऱ्या दिवशी ती सांगत आली : दोन भोकं पुढे गेली आहेत.

इथे खरे रहस्य आहे. काटा वस्तुमान मोजतो. ते वस्तुमान कशाचे आहे हे तो सांगत नाही. किलोभर लोखंड आणि किलोभर कापूस यांचा विनोद आपण प्राथमिक शाळेपासून ऐकतो, आणि मोठेपणी वजनाच्या काट्यावर उभे राहताना तो साफ विसरतो. या गृहस्थांचे मांडीचे, पाठीचे, दंडाचे काही किलो स्नायू गेले आणि पोटात जवळपास तेवढीच चरबी आली. बेरीज पुन्हा ५६.

डॉक्टर उंचीच्या मानाने वजन पाहतात, त्याची पद्धत अशी : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची १.६४ मीटर असेल तर ५६ भागिले २.६९, म्हणजे २०.८. हे सूत्र मुळात बेल्जियमच्या केतले याचे, १८३० च्या दशकातले. तो खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता, वैद्य नव्हे. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचे होते, कोण्या एकाचा आजार ओळखायचा नव्हता. भारतीय प्रौढांसाठी हा निर्देशांक २३ च्या वर गेला तर वजन जास्त आणि २५ च्या वर गेला तर लठ्ठपणा, असे मानण्याची पद्धत आहे. युरोपीय लोकांसाठी या मर्यादा २५ आणि ३० अशा आहेत. २०.८ हा आकडा दोन्हीकडे निर्दोष ठरतो. इथे एक गोष्ट निक्षून सांगतो : या मर्यादा प्रौढांच्या आहेत. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात. तेव्हा हा आकडा काढून कोणी डबा अर्धा टाकू नये.

हा निर्देशांक फसवतो कसा, याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेसे टिपण छापून आले. त्यात दोन शास्त्रज्ञांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र होते. एक पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण क्ष-किरणांच्या विशेष यंत्राने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दोघांच्याही आडनावांची इंग्रजी आद्याक्षरे सारखी असल्यामुळे हे ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून प्रसिद्ध झाले. स्वतःच्या पोटाचे वर्तमान जगजाहीर करून विज्ञान समजावणारे संशोधक विरळाच.

याज्ञिक यांचा मोठा अभ्यास त्याआधीपासून चालू होता. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळची सहा खेडी निवडली आणि तिथल्या स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधीपासून ठेवायला सुरुवात केली. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल त्यांच्या सोबत होते. जन्मणाऱ्या बाळांची मापे घेतली तेव्हा सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचे भरत होते ३.५ किलो. आपली बाळे लहान, यात नवल नव्हते. नवल वेगळेच होते. पुण्याच्या बाळांच्या दंडाचा घेर, पोटातील इंद्रिये, स्नायू हे सारे इंग्लंडच्या बाळांच्या मानाने बरेच कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ हडकुळे आणि तरीही चरबीयुक्त. संशोधकांनी नाव दिले ‘बारीक-लठ्ठ’ बाळ.

असे का व्हावे? एक विचार असा, की गर्भाला पोषण अपुरे मिळाले तर तो काटकसर करतो. मेंदूला आणि राखीव चरबीला आधी वाटा मिळतो, स्नायूंना नंतर. आईच्या आहाराचाही संबंध दिसला. ज्या मातांच्या रक्तात जीवनसत्त्व ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली, असे या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केले. ब-१२ दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. निव्वळ वनस्पतिजन्य आहारात ते जवळजवळ नसतेच. तेव्हा मधुमेह टाळण्याची सुरुवात पन्नाशीतल्या बापापासून होते की उद्या आई होणाऱ्या मुलीच्या ताटापासून, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. माझ्या मते दुसरी बाजू आपल्याकडे फारच दुर्लक्षित राहिली आहे. घरात सर्वांत शेवटी जेवते कोण, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

आता साखरेकडे वळू. इथे एक हिशेब मुलांना हमखास चकित करतो. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ९० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. रक्त एकूण पाच लिटर धरा. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर किती? पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! उपाशीपोटीचा आकडा १२६ झाला की डॉक्टर मधुमेह म्हणतात. तेव्हा रक्तातली साखर असते ६.३ ग्रॅम. आरोग्य आणि रोग यांमधले अंतर चिमूटभर साखरेचे आहे.

आणि जेवणातून येते किती? ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर भात, वरण, भाजी. यातल्या पिष्टमय पदार्थांचे मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज होते. (“बाबा गोड खात नाहीत” याला फारसा अर्थ का नाही, ते आता कळेल. पोटात गेल्यावर भाताचीही साखरच होते. ती थोडी सावकाश होते, इतकेच.) ज्या टाकीत एरवी पाच ग्रॅम असतात तिच्यात दोन-तीन तासांत शंभर ग्रॅम ओतायचे आणि पातळी तर फार चढू द्यायची नाही! नळ मोठा असेल तर टाकीचा निचरा तितकाच मोठा लागतो.

हा निचरा उघडणारी किल्ली म्हणजे स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन. त्याच्या इशाऱ्यावर यकृत आपली साखर बाहेर सोडणे थांबवते आणि स्नायू ग्लुकोज आत ओढून ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. म्हणजे सर्वांत मोठे कोठार स्नायूंचे. ज्याचे स्नायू थोडे, त्याचे कोठार लहान. आणि ज्याचे स्नायू दिवसभर खुर्चीत आहेत त्याचे कोठार कालच्याच मालाने भरलेले. नवा माल ठेवायचा कुठे?

उरलेल्या ऊर्जेची चरबी होते. त्वचेखाली जागा असेल तोवर ती तिथे राहते आणि फार उपद्रव करत नाही. ती जागा भरली, की चरबी यकृतात, पोटातील इंद्रियांभोवती आणि स्वादुपिंडातही जाऊन बसते. मग यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होते आणि स्वादुपिंडाला जास्त जास्त इन्शुलिन गाळावे लागते. काही वर्षे ते निभावते. नंतर थकते. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे रॉय टेलर म्हणतात, की चरबी सुरक्षित साठवण्याची मर्यादा प्रत्येकाची निराळी असते. कोणाची नव्वद किलोलाही संपत नाही, कोणाची साठीच्या आत संपते. आपल्या पहारेकऱ्यांची बहुधा छप्पन्नातच संपली.

मग ‘साखर काठावर’ म्हणजे काय? अमेरिकी निकषांप्रमाणे उपाशीपोटी १०० ते १२५. जागतिक आरोग्य संघटना खालची मर्यादा ११० धरते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात, तेव्हा १४० ते १९९. तिसरी तपासणी फार सुंदर आहे. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर हळूहळू चिकटत जाते. किती टक्के चिकटली ते मोजले की गेल्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब मिळतो. ५.७ ते ६.४ म्हणजे काठ, ६.५ म्हणजे मधुमेह. मात्र विदर्भातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे : आपल्याकडे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल असलेल्यांच्या रक्तपेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर चिकटायला वेळच कमी मिळतो आणि आकडा फसवा, बहुधा कमी येऊ शकतो. घड्याळच पुढे-मागे चालत असेल तर वेळ कशी खरी सांगणार? घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक काठावर आहेत. काठावरचे लोक जास्त! त्यांना तिथेच थोपवता येते का, हा म्हणूनच मोठा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर प्रयोगाने शोधले गेले आहे. चीनमधील दाचिंग येथे १९८६ पासून, अमेरिकेत १९९० च्या दशकात, आणि आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली. अमेरिकी प्रयोगात तीन हजारांवर माणसे होती. आहार बदलून आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालून वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. हे २००२ साली जाहीर झाले. पण ती माणसे स्थूल होती, निर्देशांक सरासरी ३४. छप्पन्न किलोच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

म्हणून चेन्नईचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात काठावरची ५३१ माणसे होती आणि त्यांचा सरासरी निर्देशांक २६ च्या आतच होता. त्यांचे चार गट केले. एका गटाला केवळ नेहमीचा सर्वसाधारण सल्ला. दुसऱ्याला आहाराचे मार्गदर्शन आणि रोज अर्धा तास भरभर चालणे. तिसऱ्याला मेटफॉर्मिन, तेही थोड्या मात्रेत. चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांनी पाहिले तर पहिल्या गटातील शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झालेला होता. दुसऱ्या गटात ३९, तिसऱ्यात ४०, चौथ्यातही ३९.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहू. चालण्याचा आणि औषधाचा परिणाम जवळजवळ सारखा. दोन्ही एकत्र केले तरी फायदा वाढला नाही. दोन घोडे जुंपले म्हणून गाडी दुप्पट वेगाने जात नाही. आणि खरी मेख पुढे आहे. चालणाऱ्या गटाचे वजन म्हणावे तसे उतरलेच नव्हते! काटा हलला नाही, तरी मधुमेह कमी झाला. आपल्याला आता ते कोडे वाटायला नको. बदल वजनात नव्हे, स्नायूंत झाला होता. आकुंचन पावणारा स्नायू ग्लुकोजसाठी आपली दारे स्वतःच उघडतो. त्या वेळी त्याला इन्शुलिनच्या किल्लीची वाट पाहावी लागत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याचा फायदा होतो तो यामुळेच. कॅलरी ‘जाळण्याचा’ वाटा त्यात किरकोळ आहे. चमचाभर साखरेच्या २० किलोकॅलरी खर्चायच्या तर, शरीराची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरून, या गृहस्थांना जवळजवळ बारा मजले चढावे लागतील. पडताळा घ्या : वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार.

मात्र दुसरी बाजूही पाहिलीच पाहिजे. चांगले वागूनही शंभरांत ३९ जण तीन वर्षांत मधुमेही झाले. ‘मधुमेह मुळापासून घालवा’ अशा जाहिराती करणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा. ज्याला चालूनही मधुमेह झाला, त्याने काही गुन्हा केला असे कोणी समजू नये. जन्मापासूनचा वाटा त्याच्या हातात नव्हता.

औषधांबद्दल थोडेसे. मेटफॉर्मिनचे मूळ युरोपातील गॅलेगा नावाच्या एका शेंगवर्गीय वनस्पतीत आहे. माणसांवरील त्याचा उपयोग फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. ते जुने आहे, स्वस्त आहे आणि अजून टिकून आहे.

नव्या औषधांची कथा एखाद्या साहसकथेसारखी आहे. जेवण आतड्यात पोचले, की आतडे एक संप्रेरक सोडते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन वाढवायला सांगते आणि मेंदूला ‘पोट भरले’ असे कळवते. पण त्याचे अर्धायुष्य अवघे दोनेक मिनिटांचे. किरणोत्साराच्या प्रकरणात तुम्ही अर्धायुष्य शिकता, तेच हे : दर दोन मिनिटांनी निम्मे शिल्लक. दहा मिनिटांत उरते बत्तिसावा भाग. असल्या पदार्थाचे औषध करायचे कसे? १९९० च्या सुमारास अमेरिकेत जॉन एंग यांना ‘गिला मॉन्स्टर’ नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्याचसारखा, पण सावकाश नष्ट होणारा पदार्थ सापडला. त्यापासून केलेल्या औषधाला २००५ मध्ये तिथे मान्यता मिळाली. पुढे रेणूत फेरफार करत अर्धायुष्य सात दिवसांवर नेले गेले, ते सेमाग्लुटाइड. म्हणून त्याचे इंजेक्शन आठवड्यातून एकदाच पुरते. याच कुळातील टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले.

या औषधांनी वजन खरोखर उतरते. पण उतरलेल्या वजनातला पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक चरबी नसून स्नायू वगैरे असतो, आणि औषध बंद केल्यावर एका वर्षात गेलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले, असे सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत दिसले. स्थूल आणि आजारी माणसाला ती वरदान ठरतील. ज्याचे दुखणेच मुळी स्नायूंच्या कमतरतेचे आहे त्याला ती लागू पडतात का, हे मात्र डॉक्टरांनी एकेका माणसापुरते ठरवायचे. शेजाऱ्याचे वजन उतरले म्हणून दुकानातून आणण्याची ती वस्तू नव्हे.

पुन्हा मिहानच्या फाटकावर येऊ. चेन्नईच्याच डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ मध्ये एक सोपा गुणतक्ता दिला. त्याला ना रक्त लागते, ना यंत्र. शिंप्याची टेप पुरते. वय ३५ च्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नास व पुढे ३०. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य, ९० ते ९९ ला १०, शंभर व पुढे २०. स्त्रियांसाठी याच मर्यादा दहाने कमी. कष्टाचे काम आणि नियमित व्यायाम दोन्ही असेल तर शून्य. बैठे काम आणि व्यायाम नाही तर ३०. आई किंवा वडील यांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०. बेरीज ६० किंवा अधिक झाली तर धोका मोठा, रक्त तपासून घ्यावे. वजनाचा रकाना या तक्त्यात कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

मुलीने वडिलांचा हिशेब वहीत मांडला. वय ५२, गुण ३०. घेर ९२ सेंटिमीटर, गुण १०. खुर्ची, ३०. आजीला मधुमेह होता, १०. एकूण ८०. शेती करत होते तेव्हाचा हिशेब तिने शेजारी मांडून पाहिला, तो निम्म्याहूनही खाली आला.

“यातले चाळीस काही पुसता येत नाहीत, सर,” ती म्हणाली. “वय आणि आजी. उरलेले चाळीस बाबांचे.”

पण फाटक सोडून पहारेकरी चालायला जाणार कसा? अर्धा तास चाला, हे सांगणे सोपे असते. आठ तासांची पाळी, जाण्यायेण्याचा वेळ आणि घरी आल्यावरचा थकवा सल्ला देणाऱ्याच्या हिशेबात नसतो. शेवटी वाट त्यांनी स्वतःच काढली. त्या इमारतीत रात्री आवाराला फेरी मारणारा वेगळा पहारेकरी असतो. फेरीची पाळी कोणालाच नको असते. यांनी ती मागून घेतली, आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळची. कुंपणाला एक वळसा म्हणजे अकराशे पावले, असे त्यांनी मोजले आहे. रात्रीच्या डब्यात एक भाकर कमी आणि मुगाची उसळ जास्त, हा बदल घरातून झाला. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले होते. कागद आला तेव्हा उपाशीपोटीचा आकडा ११८ वरून १०७ वर उतरला होता. वजन किती भरले, असे मी विचारले.

“छप्पन्नच,” ती म्हणाली. “पण पट्टा एक भोक मागे आलाय.”